पिशवीवरचा नकाशा आधी बोटांना दाखवा

प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरातल्या एका महाविद्यालयाची मुलं ३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनासाठी ५० पोस्टर आणि २०० कापडी पिशव्या छापणार आहेत. नकाशे अंध, व्हीलचेअर वापरणाऱ्या, रंग नीट न ओळखता येणाऱ्या माणसांनाही वापरता आले पाहिजेत, हे त्यांना गावाला सांगायचं आहे. सोबत कच्चं डिझाइन पाठवलंय. शहराचा पूर्ण नकाशा, त्यावर व्हीलचेअरचं मोठं चिन्ह, हिरवे-पिवळे-लाल ठिपके, खाली ‘नकाशा सर्वांसाठी’ आणि कोपऱ्यात ब्रेलची एक ओळ. विचारलंय की रंग कोणते घ्यावेत, कापड कोणतं, मजकूर किती, आणि ब्रेल कापडावर छापता येतं का.

तुमचं डिझाइन मी आधी काळ्या-पांढऱ्यात छापून घेतलं. कुठलंही काम आलं की पहिल्यांदा मी हेच करते. हिरवे आणि लाल ठिपके जवळजवळ एकाच करड्या रंगाचे झाले, आणि कुठं जाता येतं नि कुठं नाही हे सांगणारा नकाशा गप्प झाला. मग ब्रेलच्या ओळीवरून बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही, कारण ते ठिपके नुसते शाईचे आहेत. तुमचं पोस्टर अंध माणसाबद्दल बोलतं, त्याच्याशी बोलत नाही. माझं सगळं उत्तर याच एका गोष्टीभोवती आहे: नकाशा सगळ्यांना वापरता यावा असं सांगणारी वस्तू आधी स्वतः तशी असायला हवी.

माझं काम स्क्रीन प्रिंटिंगचं. साखर पेठेत २३ वर्षं वर्कशॉप चालवते. वडील चादरीच्या कारखान्यात नक्षी विणणाऱ्या जेकार्ड मागाची कार्डं पंच करायचे. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरवायची, मग कार्डावर भोकं, मग सुतात. चौकटीत जे बसत नाही ते कापडात येत नाही, असं ते म्हणायचे. नकाशा कापडावर आणताना मला त्यांचं हे बोलणं रोज आठवतं, आणि खाली पिशवीबद्दल जे लिहिलंय ते बरंचसं तिथूनच आलंय.

आधी रंगांचं सांगते. लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसं आपल्याला वाटतात त्यापेक्षा खूप जास्त असतात. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के, स्त्रियांत अर्धा टक्का. आपल्याकडच्या पुरुषांत त्याहून काहीसं कमी आढळतं, तरी शंभर मुलांच्या वर्गात दोन-चार जण सहज निघतात. पुरुषांत जास्त, कारण या रंगांची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात आणि पुरुषाकडे एक्स एकच असतं. यातल्या अनेकांना स्वतःलाच ते ठाऊक नसतं.

मला हे पुस्तकातून कळलं नाही. पंधराएक वर्षांपूर्वी एका मेळाव्यासाठी मी मैदानाचा नकाशा छापला होता. सपाट वाट हिरवी, पायऱ्यांची वाट लाल. दारात उभा असलेला स्वयंसेवक सकाळभर व्हीलचेअरवाल्यांना पायऱ्यांकडे पाठवत होता. एका आजोबांना चौघांनी खुर्चीसकट उचलून वर न्यावं लागलं. दुपारी तो मुलगा माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, ‘मॅडम, मला ह्या दोन रेघा सारख्याच दिसालेत.’ त्याला स्वतःची लाज वाटत होती. चूक माझ्या नकाशाची होती, आणि ती मी त्याच्यासमोर कबूल केली. त्या दिवसापासून माझ्या वर्कशॉपमधून रंगावर एकट्यावर भिस्त ठेवणारा नकाशा बाहेर पडलेला नाही.

दुसरं कारण सोलापूरचं ऊन. एप्रिल-मे मध्ये इथं पारा चाळिशीच्या वर असतो. भिंतीवरचं स्वस्त डिजिटल प्रिंट दोन महिन्यांत कसं होतं ते तुम्ही रोज बघता: लाल आणि पिवळा उडून जातो, सगळं निळसर पडतं. म्हणजे ज्यांना रंग उत्तम दिसतात त्यांनाही उन्हाळ्यानंतर तुमचा नकाशा वाचता येणार नाही. आकार आणि रेघेची जात मात्र उन्हात टिकते. तुटक रेघ फिकट झाली तरी तुटकच राहते.

म्हणून दोनच रंग घ्या. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते, त्यामुळे पैसेही वाचतील. जपानच्या मासाताका ओकाबे आणि केई इतो या दोन शास्त्रज्ञांनी रंग कमी ओळखू येणाऱ्यांनाही वेगळे कळतील असे आठ रंग ठरवून दिले आहेत. त्यातले निळा आणि नारिंगी तुम्हाला पुरे. छपाईच्या भाषेत निळा म्हणजे सायन १००, मॅजेंटा ५०. नारिंगी म्हणजे मॅजेंटा ५०, यलो १००. एक काळजी घ्या. हे रंग एकमेकांपासून वेगळे कळतात, पण नारिंगी अक्षर पांढऱ्या कागदावर किंवा मांजरपाटावर, म्हणजे पिशवीच्या कोऱ्या सुती कापडावर, कमी दिसणाऱ्या डोळ्यांना सापडतच नाही. वेबसाठीच्या सुगम्यतेच्या नियमांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट निदान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांसाठी, चिन्हांसाठी ३ ला १ लागतो. मी छपाईलाही तोच लावते. नारिंगी फक्त भरायला वापरा, त्याच्याभोवती गडद कडा द्या, आणि मजकूर गडद निळ्यात किंवा काळ्यात ठेवा. मांजरपाटाचा रंग मळकट पिवळसर असतो, म्हणून कापडावर निळा अजून गडद करा.

आता ठिपक्यांऐवजी काय, हा खरा प्रश्न. मीही आधी सोपा मार्ग घेतला होता: जाता येतं तिथं भरलेलं वर्तुळ, थोडं अवघड तिथं अर्धं, जाता येत नाही तिथं रिकामं. रंगाची गरजच नाही. मला ते फार आवडलं होतं. नमुना काढून मी शेजारच्या एका मावशींना दाखवला. त्यांनी भरलेल्या काळ्या वर्तुळावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘हिथं जायचं नाही ना? अमावस्या काढलीय की.’ भिंतीवरच्या दिनदर्शिकेत काळं वर्तुळ म्हणजे अमावस्या, हे त्यांनी आयुष्यभर वाचलंय. पुढं आणखी दोघींनी तेच वाचलं. खूण आपल्याला कितीही स्वच्छ वाटली तरी वाचणारा ती आपल्या घरातल्या भिंतीवरून वाचतो.

मग आम्ही दाराचं बाजूनं दिसणारं चित्र काढलं. सरळ आडवी रेघ म्हणजे सपाट दार. एक टप्पा म्हणजे एक पायरी. तीन टप्पे म्हणजे तीन पायऱ्या. तिरकी रेघ म्हणजे उतार, म्हणजे रॅम्प. खुणांची सूची लागतच नाही. शाळेत न गेलेल्या बाईलाही कळतं, आणि ही रेघ उठावाची छापली तर बोटालाही कळते. आणखी एक गोष्ट त्यात आपोआप साधते, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. हिरवा ठिपका हा तुमचा निकाल असतो. पायऱ्यांची संख्या ही वस्तुस्थिती असते. कुबडी वापरणारा माणूस एक पायरी चढेल, मोटारवर चालणारी व्हीलचेअर चढणार नाही, गुडघे दुखणारी आजी कठडा असेल तर तीनही चढेल. कुठं जाता येईल हे ज्याचं त्यानं ठरवावं, आपण मोजून सांगावं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व धरलंय. तुमच्या पोस्टरच्या मधोमध बसवलेलं एक व्हीलचेअरचं चिन्ह त्यातल्या किती जणांना आपलं वाटेल? ते काढून टाका. त्या जागेत पायऱ्या मोजून दाखवा.

पोस्टर आणि पिशवीवर एकच डिझाइन लावायचं तुमच्या मनात दिसतंय. तसं करू नका. पोस्टर दोन महिने जगतं, पिशवी दोन-तीन वर्षं बाजारात फिरते. जे बदलायला हवं ते पोस्टरवर टाका, जे बदलणार नाही ते पिशवीवर.

पोस्टरसाठी अख्खं शहर नको. विजापूर वेशीपासून होटगी रोडपर्यंत सगळं एका कागदावर घातलं तर प्रत्येक जागेला राईएवढा ठिपका येतो आणि कुणालाच आपलं दार दिसत नाही. एका रस्त्याचा २०० मीटरचा तुकडा घ्या. नवी पेठेतला घ्या, पूर्व भागातला घ्या, तुमच्या कॉलेजसमोरचा घ्या. तिथलं प्रत्येक दार मोजा. किराणा, मेडिकल, बँक, दवाखाना, झेरॉक्स. मग ते पोस्टर त्याच रस्त्यावर लावा. माणूस पोस्टरसमोर थांबतो तो आपलं दुकान शोधायला, आणि ‘माझ्या दारात तीन पायऱ्या’ हे तो स्वतःच मोठ्यानं वाचतो. दुकानदाराला कमीपणा येईल असं काही लिहू नका, नावापुढे फक्त रेघ काढा. खाली एकच व्यावहारिक ओळ द्या: उताराचं प्रमाण १ ला १२ धरतात, म्हणजे १५ सेंटीमीटरच्या एका पायरीला १ मीटर ८० सेंटीमीटर लांबीचा रॅम्प लागतो. हा आकडा दुकानदाराच्या उपयोगाचा आहे. रस्त्यावर तेवढी जागा नसेल तर तो कमी लांबीचा फळीचा उतार करेल आणि तो व्हीलचेअरला धोक्याचा ठरेल, म्हणून ‘मदतीसाठी घंटी’ हाही पर्याय शेजारी लिहा.

घोषवाक्य हवंच असेल तर विधान नको, प्रश्न विचारा: ‘तुमच्या दारात किती पायऱ्या?’ ‘नकाशा सर्वांसाठी’ वाचून माणूस मान डोलावतो आणि पुढं जातो. प्रश्न वाचून तो आपलं दार डोळ्यांसमोर आणतो.

कागद मॅट घ्या. चकचकीत कागदावर ट्यूबलाइटचा झोत पडला की मोतीबिंदू असलेल्या माणसाला मधला पट्टाच दिसत नाही. लॅमिनेशन केलंत तर तेही मॅट. आकार १८ बाय २३ इंच पुरे. अक्षरं मात्र तुम्ही घेतलीत त्याच्या दुपटीनं मोठी लागतील. देवनागरीत वर वेलांटी, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. इंग्रजीसाठी पुरणारा आकार आपल्या लिपीत बुजतो. तीन मीटरवरून वाचायचं असेल तर शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत निदान अडीच सेंटीमीटर ठेवा. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरीसारखा मोकळ्या पोटाचा फॉन्ट घ्या. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ लांबून वेगळे दिसतात का ते बघा. पोस्टर कुठं लावता यालाही तेवढंच महत्त्व आहे. बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण ११० ते १२५ सेंटीमीटरवर असते. पोस्टरचा मध्य १३० च्या वर नेऊ नका, आणि पुढं बाक, कुंडी किंवा पायरी असलेली भिंत निवडू नका.

भाषेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सोलापुरात तो प्रश्न टाळता येत नाही. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार लिप्या एका पोस्टरवर कोंबल्या तर चारही बारीक होतात. रेघांचं चित्र सगळीकडे तेच ठेवा आणि प्रश्नाची ओळ पेठेप्रमाणे बदला. पूर्व भागात मराठीसोबत तेलुगू, दुसऱ्या तुकड्यात मराठीसोबत उर्दू किंवा कन्नड. उर्दू उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणून बाणांच्या दिशा त्या भाषेच्या माणसाकडून तपासून घ्या.

आता पिशवी. राज्यात २०१८ मध्ये प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून कार्यक्रमाच्या कापडी पिशव्या घरोघरी साठल्या आहेत. त्यातल्या ज्या रोज वापरात राहिल्या त्या छपाईमुळे नाही, शिवणीमुळे राहिल्या. बंद भक्कम, तळाला पट्टी, पाच किलो ज्वारी मावली पाहिजे. पातळ कापडाच्या २०० पिशव्यांपेक्षा जाड कापडाच्या १२० करा.

पिशवीच्या पुढच्या बाजूला मी सिद्धेश्वर तळ्याचा आणि किल्ल्याचा स्पर्शनकाशा सुचवेन. तळं, तळ्यात मंदिर, काठाला भुईकोट किल्ल्याची तटबंदी. हा आकार प्रत्येक सोलापूरकराच्या मनात आहे आणि तो उद्या बदलणार नाही. डोळ्यांनी बघणाऱ्यालाही पहिल्यांदाच तो बोटांनी वाचावासा वाटेल. हे करायचं साधन आपल्या गावातल्या टी-शर्ट छापणाऱ्या प्रत्येकाकडे असतं: पफ शाई. ही शाई भट्टीत तापली की फुगते आणि कापडावर उठाव येतो. जाड जाळीची स्क्रीन घ्या, शाईचा थर भरपूर द्या. फुगताना रेघ आजूबाजूलाही पसरते, म्हणून दोन रेघांत निदान ६ मिलीमीटर मोकळे ठेवा. कागदावरच्या स्पर्शनकाशात ३ मिलीमीटरवर भागतं, कारण बोटाच्या टोकाला साधारण २-३ मिलीमीटरच्या आतले दोन बिंदू एकच वाटतात. कापडाची वीण स्वतःच खरखरीत असल्यानं तिथं दुप्पट लागतं.

आणि इथं वडिलांची चौकट कामाला येते. बोटाला एका वेळी एवढंसंच कळतं. नजर सगळा नकाशा एकदम बघते, बोट तो एकेक रेघ करत जोडत जातं. म्हणून पाणी म्हणजे विरळ ठिपके, तटबंदी म्हणजे एक जाड सलग रेघ, मंदिर म्हणजे एक भरीव चौकोन, आणि चालायची वाट म्हणजे बारीक सलग रेघ. बस. बुरूज, झाडं, होड्या, लाटा यातलं काही नाही. तुमच्या चित्रकलेच्या मुलांना हे फार ओकंबोकं वाटेल. त्यांना डोळे बांधून नमुन्यावरून हात फिरवायला लावा, आणि मंदिराकडची वाट किती वेळात सापडते ते घड्याळ लावून बघा.

जाता जाता एक सांगते. दोन वर्षांपूर्वी एका यंत्रमागवाल्या काकांबरोबर मी टेरी टॉवेलमध्ये सात रस्त्याचा चौक विणून बघितला होता. टॉवेलच्या विणीत फासे उभे राहतात आणि बिनफाशांची जागा खाली बसते, म्हणजे उठाव फुकटचा मिळतो. दीड सेंटीमीटरपेक्षा अरुंद रस्ते फाशांत बुडून गेले, पण चौकाचे फाटे हाताला स्वच्छ लागत होते. २०० नगांसाठी ते परवडणार नाही. पण सोलापूरच्या कापडात हा गुण आधीपासूनच आहे, आणि कुणीतरी एक दिवस ते नीट करावं असं मला फार वाटतं.

पिशवीच्या तळाशी एक आडवा पट्टा द्या: अर्ध्या भागात उभारलेल्या लांब पट्ट्या, अर्ध्या भागात गोल उंचवटे. स्टेशनवर, नव्या फुटपाथवर अंधांना पायानं वाट कळावी म्हणून बसवलेल्या पिवळ्या फरशा दिसतात त्याच या. जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये त्या शोधल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या. लांब पट्ट्या म्हणजे पुढं चालत राहा, गोल उंचवटे म्हणजे थांबा, पुढं काहीतरी आहे. आपल्याकडे त्यावर दुचाकी लावणाऱ्या बहुतेकांना ती सजावट वाटते. खाली दोनच शब्द लिहा, ‘चला’ आणि ‘थांबा’. एवढ्यानं एक माणूस जरी गाडी बाजूला घ्यायला शिकला तरी तो पट्टा वसूल.

पिशवीच्या मागच्या बाजूला नकाशा नको. तिथं पट्टी छापा, सेंटीमीटरची. उभ्या शिवणीलगत शून्यापासून ४० पर्यंत आकडे, २ वर उंबऱ्याची खूण, १५ वर पायरीची. आणि पिशवीची रुंदी बरोबर ४५ सेंटीमीटर ठेवा. व्हीलचेअर नीट आत जायला दाराची मोकळी रुंदी ९० सेंटीमीटर लागते, म्हणजे दोन पिशव्या शेजारी धरल्या की दार मोजून झालं. बाजारात गेलेली मुलगी दुकानाच्या पायरीला पिशवी लावून उंची वाचेल. पिशवी नुसती जाहिरात न राहता सर्वेक्षणाचं हत्यार होईल. पण मांजरपाट पहिल्या धुण्यात आटतो. शंभरात चार-पाच सेंटीमीटर सहज जातात, आणि तुमची ४५ ची पिशवी ४३ ची होते. कापड आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापा. शिंपी कटकट करेल, ऐकू नका.

आता ब्रेल. पफ शाईनं ब्रेल छापू नका. ब्रेलचा ठिपका साधारण अर्धा मिलीमीटर उंच असतो आणि एका अक्षराच्या घरातल्या दोन ठिपक्यांत अडीच मिलीमीटर अंतर असतं. पफ तेवढ्यात पसरून सगळे ठिपके एक करते. पिशवीच्या बंदाला जाड कार्डाचा टॅग बांधा आणि त्यावर पाटी-लेखणीनं खरं ब्रेल काढून घ्या. पोस्टरवर तसंच पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्टीवर काढून चिकटवा. मजकुरावर कॉम्प्युटरमधला ब्रेल फॉन्ट चढवला म्हणजे मराठी ब्रेल झालं असं समजू नका. १९५१ पासून आपण भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल वापरतो, त्यात ‘कि’ लिहिताना आधी क आणि मग वेलांटी येते, जोडाक्षराची हलन्ताची खूण व्यंजनाच्या आधी येते, अंकांपुढे वेगळं चिन्ह लागतं. हे ब्रेल वाचणाऱ्या माणसाकडूनच लिहून घ्या, आणि त्यांना त्याचे पैसे द्या. तुमच्या खर्चाच्या कागदात छपाई, कापड, शिलाई असे रकाने आहेत. तपासणाऱ्यांच्या मानधनाचा रकानाच नाही. तो घाला. बाकी कुठं कात्री लावायची ती लावा.

सगळे अंध लोक ब्रेल वाचतात असंही नाही. उतारवयात दृष्टी गेलेले बहुतेक जण वाचत नाहीत, ते पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा फोनचा टॉकबॅक ऐकतात. त्यांच्यासाठी क्यूआर कोड. तो पोस्टरच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, नेहमी तिथंच, आणि तो कोपरा कात्रीनं तिरका कापून टाका म्हणजे बोटाला जागा सापडेल. आकार निदान ४ सेंटीमीटर, भोवती मोकळी पांढरी चौकट. कापडावर चुण्या पडतात, तिथं ६ करा किंवा तो टॅगवरच छापा.

क्यूआर उघडल्यावर काय येतं, यावर सगळं अवलंबून आहे. तिथं पुन्हा नकाशाचं चित्र आलं तर फोन म्हणेल ‘इमेज’ आणि थांबेल. जुन्या पद्धतीच्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये केलेली पीडीएफ आली तर तो अगम्य इंग्रजी अक्षरं वाचत बसेल. तिथं युनिकोडमधला साधा मजकूर हवा, शब्दांत लिहिलेला नकाशा. मी एका तुकड्यासाठी असा लिहिला होता:

‘रस्त्याच्या उत्तर बाजूनं पूर्वेकडे चला. उजवीकडे गाड्या, डावीकडे दुकानं. पहिले १५ मीटर सपाट फरशी. मग एक पायरी खाली, १२ सेंटीमीटर. पुढे २० मीटरवर डाव्या कानाला यंत्रमागाचा आवाज येईल. सुटीच्या दिवशी माग बंद असतात. मागाच्या शेडनंतर विजेचा खांब, वाटेच्या मधोमध. खांबाला उजवीकडून वळसा घेऊ नका, तिथं रस्ता आहे. डावीकडून ८० सेंटीमीटर जागा आहे. भाजलेल्या शेंगांचा वास आला की मेडिकलचं दार डावीकडे. दारात एक पायरी, १५ सेंटीमीटर, कठडा नाही.’

हे लिहायला अर्धा दिवस गेला. पावलं प्रत्येकाची वेगळी असतात, म्हणून अंतर मीटरमध्ये द्या आणि खुणा आवाजाच्या, वासाच्या, पायाखालच्या द्या. आपल्या गावाला वाट अशी अंगानं शिकायची सवय आहेच. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या उंच काठ्या अडुसष्ट लिंगांना जातात तेव्हा मानकऱ्यांच्या हातात कागद नसतो. ते शहाणपण फक्त लिहून काढायचं आहे. आणि पोस्टरचं चित्र व्हॉट्सॅपवर पाठवाल तेव्हा त्याखाली हाच मजकूर टाइप करून टाका, नाहीतर अंध मित्रांच्या ग्रुपवर तुमचा निरोप कोराच पोचेल.

तुम्ही मोजलेलं पोस्टरबरोबर वाया जाऊ देऊ नका. ओपनस्ट्रीटमॅपवर २००४ पासून जगभरातली माणसं असा नकाशा मिळून भरत आलीत. त्यात प्रत्येक जागेला व्हीलचेअर जाते, अंशतः जाते, जात नाही अशी नोंद करता येते. पायऱ्या, उंबरा, स्पर्शफरशी यांच्याही वेगळ्या नोंदी आहेत. स्ट्रीटकंप्लीट हे ॲप अँड्रॉइड फोनवर रस्त्यात उभं राहून असेच प्रश्न विचारतं. बर्लिनमध्ये २०१० मध्ये सुरू झालेला व्हीलमॅप याच नोंदी दाखवतो. तुमच्या पोस्टरचा मूळ नकाशा तिथून घेतलात तर ‘ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांचा’ असा उल्लेख छापावाच लागतो, परवान्याची ती अट आहे. तुम्ही पाठवलेलं चित्र दुसऱ्या एका नकाशाच्या ॲपचा स्क्रीनशॉट दिसतोय. तो छापू नका, त्याची परवानगी तुमच्याकडे नाही.

क्रम असा ठेवा. ऑक्टोबरमध्ये मोजणी. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक पोस्टर आणि तीन पिशव्यांचा नमुना, आणि तो किमान पाच जणांच्या हातात: ब्रेल वाचणारी एक व्यक्ती, टॉकबॅक वापरणारी एक, व्हीलचेअरवरची एक, रंग न कळणारा एक मुलगा, आणि साठीच्या पुढची एक आजी. त्यांना डिझाइन कसं वाटलं असं विचारू नका, सगळे ‘छान’ म्हणतात. त्यांना काम द्या: ‘मेडिकलच्या दारात किती पायऱ्या ते सांगा.’ मग गप्प बसा आणि ते कुठं अडतात ते लिहून घ्या. पिशव्या डिसेंबरच्या कार्यक्रमातच संपवू नका, निम्म्या जानेवारीत गड्ड्यासाठी ठेवा. तिथं अख्खा जिल्हा येतो, आणि तळ्याच्या काठावर उभं राहून तळ्याचा नकाशा बोटांनी वाचता येईल.

नमुन्याच्या तीन पिशव्यांपैकी एक साध्या साबणानं पाच वेळा धुवा, उन्हात वाळवा, उलटी करून इस्त्री फिरवा. मग मागची पट्टी फुटपट्टीला लावून बघा आणि पुढच्या तळ्यावरून डोळे मिटून बोट फिरवा. मंदिराकडची वाट अजून लागत असेल तर स्क्रीन बनवायची फिल्म घेऊन वर्कशॉपला या. लागत नसेल तर ती पिशवी घेऊन या, आपण स्क्रीन बदलू.